पाण्याचे मुक्काम

पाण्याचें चक्र ठाऊक नाहीं असा शाळकरी मुलगा आज शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. पाठ्यपुस्तकांत त्याचें चित्र असतें. एका बाजूस निळा समुद्र, वर सूर्य, मध्यें कापसाच्या पुंजक्यासारखा ढग, दुसऱ्या बाजूस डोंगर, डोंगरावरून उतरणारी नदी, आणि या सर्वांस जोडणारे चार बाण. बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य हे तीन शब्द मुलें खडाखड म्हणून दाखवितात व परीक्षेंत त्यांचे गुणहि मिळवितात. पण त्याच मुलाला, तापल्या तव्यावर शिंपडलेलें पाणी गेलें कोठें, असें विचारून पाहा. 'आटलें,' असें उत्तर येईल. आटलें म्हणजे काय झालें, असें पुढें विचारल्यास बहुतेक मुलें 'संपलें' असें सांगतात. शब्द पाठ झाला, पण त्याच्या पोटांतला अर्थ हातीं लागला नाहीं.

याहून मोठी अडचण त्या चित्रांतच आहे. चित्र खोटें नाहीं. परंतु त्यांत दोन गोष्टी कोठेंच दिसत नाहींत. किती पाणी, ही एक; आणि किती काळानें, ही दुसरी. बाण पाहिले म्हणजे मुलाची अशी समजूत होते कीं, पाणी गेलें तरी फिरून आपल्याच दारीं यावयाचें आहे, तेव्हां काळजीचें कारण नाहीं. पाणी फिरून येतें हें खरें. पण तें आपल्याकडेच येईल, हवें तेव्हां येईल आणि हवें तितकेंच येईल, असें कोणतेंहि चक्र म्हणत नाहीं.

मी पलूसचा. सांगली जिल्ह्यांतील आमच्या या तालुक्यांत हा भेद पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. एका अंगास कृष्णा वाहते; अंकलखोप, औदुंबर, भिलवडी हीं तिच्या कांठचीं गांवें. दुसऱ्या अंगानें खटावच्या दुष्काळी मुलुखांतून येणारी येरळा उतरते आणि ब्रह्मनाळ येथें कृष्णेस मिळते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथें धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्याच पुरांत, ८ ऑगस्ट रोजीं, ब्रह्मनाळच्या लोकांना सुरक्षित जागीं नेणारी बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. ज्या संगमावर हें घडलें, तेथें येऊन मिळणाऱ्या येरळेचें पात्र उन्हाळ्यांत पुष्कळदां कोरडें ठणठणीत असतें. चक्र एकच, पण एका ऋतूंत तें पाणी घरांत शिरतें आणि दुसऱ्या ऋतूंत तेंच शोधावयास वाळू उकरावी लागते. म्हणून मुलांना चक्र शिकवावयाचें तर पाण्याचे मुक्काम शिकविले पाहिजेत. तें कोठें थांबतें, किती दिवस थांबतें, आणि तेथून पुढें किती पाणी निघतें, हें त्यांना स्वतःच्या हातानें मोजतां आलें पाहिजे. त्याला प्रयोगशाळा लागत नाहीं. स्वयंपाकघरांतलीं चार भांडीं, एक वजनकांटा आणि थोडा धीर एवढें भांडवल पुरतें. तें शहरांतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतहि असतें.

प्रथम पाणी वर कसें जातें, तें पाहूं. आमच्या भागांत द्राक्षांचे मळे पुष्कळ. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत येथें बेदाणा तयार करतात. द्राक्षें एका द्रावणांत बुडवून सावलींत जाळ्यांवर पसरतात, आणि सुमारें पंधरा दिवसांत त्यांचा बेदाणा होतो. चार किलो द्राक्षांचा साधारणपणें एक किलो बेदाणा उतरतो. हें प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असतें. पण उरलेले तीन किलो गेले कोठें, हा प्रश्न त्याला सहसा कोणी विचारीत नाहीं. कोणी खाल्ले नाहींत, खालीं सांडले नाहींत, आणि द्राक्षें कढईंत घालून उकळलींहि नाहींत. तीन किलो पाणी डोळ्यांदेखत नाहींसें झालें आणि तें जातांना कोणालाच दिसलें नाहीं. बाष्पीभवन या शब्दाचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाहीं.

शहरांतल्या मुलानें हाच धडा ओल्या पंचावर घ्यावा. कोरडा पंचा तोलावा, भिजवून पिळून पुन्हां तोलावा, आणि दोरीवर टाकून दर अर्ध्या तासानें त्याचें वजन वहींत लिहावें. दुसरा तेवढाच पंचा बंद न्हाणीघरांत टांगावा, तिसरा पंख्याखालीं. संध्याकाळपर्यंत तीन रांगांत आंकडे जमतात, आणि ऊन, वारा व हवेंतील ओल यांचा कारभार मुलाला न सांगतां कळतो. त्याच दिवशीं एक मोठें भांडें पाणी एका परातींत आणि तितकेंच एका तांब्यांत ओतून खिडकींत ठेवावें. दुसऱ्या दिवशीं दोन्ही मोजून पाहावीं. परातींतलें पाणी पुष्कळ अधिक घटलेलें असतें. पसरट तळें उन्हाळ्यांत लवकर कां आटतें आणि खोल विहीर कां टिकते, याचें उत्तर तेथेंच मिळतें.

मुलाला वाटेल कीं हा पोरखेळ आहे. त्याला एडमंड हॅलेची गोष्ट सांगावी. ज्याच्या नांवाचा धूमकेतु प्रसिद्ध आहे, तोच हा इंग्लंडमधील ज्योतिषी. समुद्रांत इतक्या नद्या मिळतात तरी तो भरून कां वाहत नाहीं, हा प्रश्न त्याच्या मनांत होता. त्यानें काय केलें? एका भांड्यांत खारें पाणी घेतलें, तें उन्हाळ्यांतल्या हवेइतकें कोमट ठेवलें, भांडें तराजूला टांगलें आणि दोन तासांत वजन किती घटलें तें पाहिलें. तेवढ्या घटीवरून त्यानें भूमध्य समुद्रांतून दिवसाला किती पाणी वर जात असेल याचा हिशेब मांडला आणि तो १६८७ सालीं प्रसिद्ध केला. पंचा तोलणारा मुलगा आणि हॅले यांच्या रीतींत भेद नाहीं. दोघांनींहि 'पाणी गेलें' एवढ्यावर न थांबतां 'किती गेलें' असें विचारलें.

आतां वर गेलेलें पाणी परत कसें येतें? रिकामा, कोरडा, स्वच्छ पुसलेला स्टीलचा तांब्या तासभर शीतपेटींत ठेवावा आणि बाहेर काढून मुलासमोर मेजावर मांडावा. पावसाळ्याच्या दिवसांत पाहतां पाहतां त्याला घाम फुटतो. येथें 'रिकामा' ही अट महत्त्वाची आहे. थंड पाण्यानें भरलेला तांब्या ठेवला, तर मुलें हमखास म्हणतात कीं पाणी आंतून झिरपलें. रिकाम्या तांब्यांतून काय झिरपणार? मग तें बाहेरून, म्हणजे हवेंतूनच आलें असलें पाहिजे, या निष्कर्षाशीं मूल स्वतःच येऊन पोंचतें, आणि असा आपण गाठलेला निष्कर्ष जन्मभर विसरत नाहीं. हाच प्रयोग मार्चच्या कोरड्या दुपारीं करावा. घाम अगदीं थोडा येतो किंवा येतच नाहीं. कोंकणांतल्या आजोळीं गेल्यावर पुन्हां करावा, घाम भरपूर. एका तांब्यानें दोन गांवांची हवा मोजतां येते.

समुद्र खारा असून पाऊस गोड कां, हा मुलांचा आवडता प्रश्न. त्यासाठीं परातींत मिठाचें पाणी घ्यावें, मधोमध एक जड वाटी ठेवावी, परातीवर प्लॅस्टिकचा स्वच्छ कागद ताणून कडेनें दोरीनें बांधावा, आणि वाटीच्या बरोबर वर कागदावर एक खडा ठेवावा, म्हणजे कागद तेथें किंचित् खोलगट होतो. परात दिवसभर उन्हांत राहूं द्यावी. कागदाच्या आंतल्या अंगास थेंब जमतात, उताराला लागतात आणि वाटींत टपकतात. संध्याकाळीं वाटींत चार चमचे पाणी मिळालें तरी पुष्कळ झालें. तें चाखून पाहावें, मीठ नाहीं. मीठ परातींतच राहिलें. येथेंहि मोजावयास विसरूं नये. दिवसभराच्या उन्हाचें मोल चार चमचे! नळाखालीं भांडें ओसंडून वाहूं देणाऱ्या मुलाला हा हिशेब उपदेशापेक्षां अधिक लागतो.

ढगाचा प्रयोग मात्र वडील माणसानें जवळ बसून करावा, कारण त्यांत गरम पाणी आणि अग्नि दोन्ही आहेत. लोणच्याची कांचेची रुंद तोंडाची बरणी घ्यावी. तींत दोन बोटें गरम पाणी ओतावें आणि तोंडावर बर्फानें भरलेली धातूची वाटी ठेवावी. आंत थोडेंसें धुकें दिसेल न दिसेल. आतां वाटी उचलून पेटलेल्या उदबत्तीचा धूर क्षणभर आंत सोडावा आणि वाटी पुन्हां ठेवावी. पांढरा ढग दाटून येतो व बरणींत हळूहळू घोळूं लागतो. मुलें येथें टाळ्या वाजवितात. वाजवूं द्याव्या, आणि मग विचारावें कीं धुरानें काय केलें? वाफेला थेंब होऊन बसावयास पाट लागतो. धुराचे, धुळीचे, समुद्रावरून उडालेल्या मिठाचे अतिसूक्ष्म कण हे ते पाट. ही गोष्ट स्कॉटलंडच्या जॉन एटकिननें १८८० सालीं प्रयोगानें दाखविली. देवघरांतल्या उदबत्तीनें तीच घरांत दिसते.

पण हवा थंड होते कशानें? डोंगराच्या माथ्यावर काहीं बर्फाची वाटी ठेवलेली नसते. येथें पुष्कळ शिक्षक म्हणतात कीं थंड डोंगरावर ढग आपटतात आणि पाऊस पडतो. तें बरोबर नाहीं. सायकलच्या चाकांतील हवा सोडा आणि तिच्या झोतासमोर बोट धरा. ती गार लागते. दाबलेली हवा मोकळी होऊन पसरली म्हणजे थंड होते. उलट पंपानें हवा भरतांना पंपाचा खालचा भाग तापतो, हेंहि हात लावून पाहतां येतें. समुद्रावरून आलेले नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीला अडले कीं त्यांना वर चढावें लागतें. उंचीवर दाब कमी असतो, हवा पसरते, थंड होते, आणि तिच्यांतील बाष्पाचें पाणी होतें. घाटमाथा ओलांडून खालीं उतरतांना तीच हवा दाबली जाऊन तापते, आणि तिच्या हातीं देण्याजोगें फार उरलेलें नसतें. म्हणून महाबळेश्वरास वर्षाला साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि तेथून सरळ रेषेंत सुमारें सव्वाशें किलोमीटरवर असलेल्या पलूसकडे पांचसहाशें मिलिमीटरांच्या आसपास. दहापट फरक, आणि त्याचें कारण सायकलच्या चाकांत!

आंकडे निघाले म्हणून पाऊस मोजण्याविषयीं सांगतों. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठाराजवळ पाऊस मोजण्याचें कुंड ठेवावें असें सांगितलें आहे. त्याचें तोंड एक हात रुंदीचें. पेरणी कशाची करावी, हें पावसाच्या मापावरून ठरवावयाचें होतें. मुलांनीं कुंडाऐवजीं सरळ भिंतीचा, सपाट तळाचा डबा घ्यावा. गच्चीवर किंवा अंगणांत, झाड व भिंत यांपासून दूर, तो उलथणार नाहीं असा बसवावा. रोज सकाळीं साडेआठ वाजतां पट्टी घालून पाणी किती मिलिमीटर चढलें तें लिहावें आणि डबा ओतून रिकामा करावा. आमच्या हवामान खात्याच्या केंद्रांवरहि सकाळीं साडेआठलाच माप घेतात. म्हणजे मुलाचा आंकडा वर्तमानपत्रांतल्या आंकड्याशेजारीं मांडतां येतो. दोन्ही जुळले नाहींत तर निराश होऊं नये. एकाच शहरांत एका पेठेंत धो धो आणि दुसरींत कोरडें असतें, हें कळणें हाहि लाभच आहे.

घरांत आजी असेल तर या वहीला तिचीहि जोड द्यावी. मृग, आर्द्रा, पुनर्वसु, पुष्य, आश्लेषा, मघा अशीं नक्षत्रें तिला पाठ असतात, आणि त्या त्या नक्षत्राचें वाहन कोणतें, बेडूक कीं म्हैस कीं गाढव, हेंहि ती पंचांग पाहून सांगते. मुलानें प्रत्येक नक्षत्राच्या रकान्यांत पाऊस लिहावा, वाहनाचें चित्र काढावें, आणि दिवाळींत हिशेब करावा कीं कोणत्या वाहनानें किती पाणी आणलें. आजीचें म्हणणें खरें ठरलें कीं नाहीं, हें दोघांनीं मिळून तपासावें. त्यांत अनादर नाहीं. पाऊस ध्यानांत ठेवण्याची एक जुनी रीत आणि मोजण्याची नवी रीत एका वहींत नांदते.

आणि मोजलेल्या पावसाचा गुणाकारहि करून पाहावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडतें. आपली गच्ची शंभर चौरस मीटरांची असेल आणि वर्षाला पांचशें मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर त्या गच्चीवर पन्नास हजार लिटर पाणी उतरतें. तें गेलें कोठें, हें शोधावयास मुलाला पावसांत गच्चीच्या पन्हळीपासून रस्त्याच्या गटारापर्यंत चालत न्यावें. छत्री असावी, घाई नसावी. याच प्रकारच्या गुणाकारानें पिएर पेरो नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १६७४ सालीं एक मोठा वाद निकालांत काढला. नद्यांना पुरेल इतका पाऊस पडतच नाहीं, त्यांचें पाणी भूगर्भांतून कोठून तरी येत असावें, असें तोंवर पुष्कळ विद्वान् मानीत. पेरोनें सेन नदीच्या उगमाकडील प्रदेशावर पडणारा पाऊस आणि नदींतून वाहणारें पाणी यांचा हिशेब केला, तों पाऊस नदीच्या सुमारें सहापट निघाला. मग उरलेलें पाणी कोठें जातें, हा खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला.

त्यांतलें कांहीं पुन्हां हवेंत जातें, आणि कांहीं जमिनींत मुरतें. झाडें किती पाणी हवेंत सोडतात हें पाहावयाचें तर उन्हांतल्या एखाद्या पानाळ फांदीवर पारदर्शक पिशवी चढवून तोंड दोऱ्यानें बांधावें. दोनतीन तासांत पिशवीच्या आंत थेंब जमूं लागतात. कुंडींतल्या जास्वंदीवरहि हें दिसतें. मग मुलाला सांगावें कीं उसाच्या शेताला एका पिकास दोन हजार मिलिमीटरांच्या घरांत पाणी लागतें. पाऊस पांचसहाशें, गरज दोन हजार. उरलेलें येतें नदींतून, कालव्यांतून आणि जमिनीच्या पोटांतून. ही वजाबाकी चौथींतल्या मुलालाहि येते.

जमिनीचें पोट पाहण्यासाठीं एक पेला कोरड्या जाड वाळूनें काठोकाठ भरावा. मुलांना विचारावें, पेला भरला का? सारीं म्हणतात, भरला. मग मोजपात्रानें त्यांत हळूहळू पाणी ओतावें. तिसरा हिस्सा पेला होईल इतकें पाणी त्या भरलेल्या पेल्यांत मावतें. हाच प्रयोग काळ्या दगडावर करून पाहावा. पाणी वरून ओघळून जातें. आमच्या दख्खनच्या पठाराखालीं हा काळा पाषाण पसरला आहे. त्याच्या भेगांत व वरच्या झिजलेल्या मुरमाडींत सांठेल तेवढेंच पाणी विहिरींना मिळतें. नदीकांठची वाळू मात्र मोठी कोठी. आणि ही कोठी झांकणासह असते. एक पेला नुसत्या पाण्याचा व एक ओल्या वाळूचा असे दोन पेले उन्हांत ठेवावे. वाळूचा वरचा थर लवकर सुकतो, पण खालची ओल पुष्कळ दिवस टिकते. येरळेच्या कोरड्या पात्रांत झिरा उकरला तर पाणी लागतें, त्याचें रहस्य हेंच.

ही गोष्ट केवळ पेल्यापुरती नाहीं. येरळेच्याच कांठीं, खानापूर तालुक्यांतील बळवडी व तांदुळवाडी येथील शेतकऱ्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत नदींतील बेसुमार वाळूउपशाविरुद्ध चळवळ केली. नदीची वाळू गेली कीं विहिरींचें पाणी जातें, हें त्यांनीं ओळखलें होतें. मुक्तिसंघर्ष चळवळींत एकत्र येऊन त्यांनीं बळीराजा स्मृति धरण बांधलें. खर्चासाठीं थोडी वाळू मर्यादेनें विकण्याची परवानगी त्यांनीं झगडून मिळविली. आणि धरणाचें पाणी सर्व कुटुंबांना सारखें, भूमिहीनांनाहि, असें ठरविलें. त्या पाण्यावर ऊस करावयाचा नाहीं, असाहि निर्णय झाला. नगर जिल्ह्यांतील, आतांच्या अहिल्यानगरमधील, हिवरे बाजार येथेंहि गांवकरी वर्षाच्या पावसाचें माप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकें ठरवितात. कौटिल्याच्या कुंडाचा हेतु याहून निराळा नव्हता. पेल्यांतली वाळू मोजणारें मूल उद्यां अशा एखाद्या ग्रामसभेंत बसणार आहे, हें आपण विसरूं नये.

शेवटीं एक खेळ सांगतों. निरनिराळ्या देशांतील शाळांतून तो वेगवेगळ्या रूपानें खेळला जातो. मी त्याला आपल्या मुलुखाचीं नांवें दिलीं आहेत. वाढदिवसाला जमलेलीं आठदहा मुलें त्यासाठीं पुरतात. खोलीच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत पांच मुक्काम मांडावे: समुद्र, ढग, नदी, जमीन आणि ऊस. प्रत्येक मुक्कामीं एक फासा आणि एका रंगाचे मणी. प्रत्येक मूल पाण्याचा थेंब. फासा टाकावा, त्याप्रमाणें जावें किंवा थांबावें, आणि प्रत्येक डावाला त्या मुक्कामाचा एक मणी दोऱ्यांत ओंवावा.

समुद्रांत असतां सहा पडले तरच ढगांत जावयाचें. एरवीं तेथेंच राहावयाचें. ढगांत मुक्काम एकाच डावाचा. एक ते चार पडले तर पुन्हां समुद्रांत, पांच पडले तर घाटमाथ्यावरून नदींत, सहा पडले तर जमिनींत. नदींत एक ते चारला समुद्र, पांचला उपसा होऊन ऊस, सहाला ढग. जमिनींत एक ते तीनला तेथेंच राहणें, चारला नदी, पांचला ऊस, सहाला ढग. उसांत एकला तेथेंच, बाकी सर्व दानांना ढग. वीस डाव झाले कीं थांबावें.

खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला कीं समुद्रांतलीं मुलें कुरकुर करूं लागतात. 'आम्हांला बाहेरच पडतां येत नाहीं!' हीच त्या खेळाची खरी शिकवण. पृथ्वीवरच्या पाण्याचे शंभर भाग केले तर सुमारें सत्त्याण्णव समुद्रांत आहेत, आणि समुद्रांत पडलेला थेंब सरासरीनें तीन हजार वर्षें तेथें राहतो. हवेंत गेलेला थेंब आठदहा दिवसांतच खालीं येतो. जमिनींतला कधीं कांहीं आठवड्यांनीं, कधीं हजारों वर्षांनीं. ढगांतून निघालेल्या मुलांपैकीं बहुतेक पुन्हां समुद्रांतच पडतात, कारण पृथ्वीवर घडतें तें असेंच; समुद्रावरून उठलेल्या बाष्पाचा फार मोठा वांटा समुद्रावरच पडतो. जमिनीच्या वांट्याला येतो तो थोडका. महाबळेश्वरास निघालेली कृष्णा सुमारें १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्यांतला आमच्या भिलवडीच्या पुलाखालून गेलेला थेंब तेथें पोंचल्यावर पुन्हां पलूसला केव्हां येईल, हें त्या मुलांच्या फाशालाच विचारा.

खेळ संपल्यावर मुलांनीं आपापल्या माळा शेजारीं शेजारीं ठेवाव्या. कोणाची जवळजवळ सगळी निळी, कोणाची रंगीबेरंगी. कोणी दोनदां ऊस पाहून आला, कोणाला ढगसुद्धां दिसला नाहीं. दोन माळा सारख्या निघणें कठीण. त्यांच्याशेजारीं पाठ्यपुस्तकांतलें चित्र उघडून ठेवावें आणि मुलांनाच विचारावें कीं या चित्रांत काय राहून गेलें आहे? मीं हा प्रश्न जेव्हां जेव्हां विचारला, तेव्हां तेव्हां उत्तरें निरनिराळ्या शब्दांत आलीं, पण अर्थ एकच होता: चित्रांतला थेंब कोठेंच थांबत नाहीं, आमचा थांबतो.

श्रोतेहो, एवढें मुलाला कळलें कीं पुढच्या गोष्टी त्याला वेगळ्या शिकवाव्या लागत नाहींत. धरण म्हणजे पाण्याचा एक मुक्काम वाढविणें. शेततळें, बांध, वाळू राखणें, झाडोरा राखणें, हेंहि तेंच. महापूर म्हणजे फार पाणी फार थोड्या वेळांत एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला निघणें. विंधणविहीर खोल खोल नेणें म्हणजे कित्येक वर्षांच्या मुक्कामाचें पाणी एका उन्हाळ्यांत उठविणें. या तिन्ही गोष्टींवर आमच्या भागांत रोज बोलणें होतें, आणि मोठीं माणसें पुष्कळदां आंकड्यावांचून बोलतात. ज्या मुलानें पंचा तोलला, डबा मोजला आणि वाळूचा पेला भरला, तें मूल निदान 'किती?' आणि 'केव्हां?' असें विचारील.

येत्या रविवारीं एक तांब्या शीतपेटींत ठेवून पाहा. तो रिकामा असावा, एवढें मात्र ध्यानांत असूं द्या.